बालकर्करोगाशी झुंजणारा तळघरातला डॉक्टर

डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने मरणाऱ्या मुलांना औषध देण्याचे धाडस केले आणि आजाराचा भार त्यांच्या कुटुंबांनी एकट्याने सोसू नये, हेही समाजाला पटवून दिले. दरवर्षी १५ फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन पाळला जातो. त्या दिवसामागच्या विचाराची बीजे ज्यांच्या कार्यात सापडतात, त्या डॉक्टरांची ही जीवनकहाणी.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान म्हणजे मृत्युपत्रच असे. तीव्र स्वरूपाचा हा आजार जडलेले मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत दगावत असे. डॉक्टर आईवडिलांना बाजूला घेऊन खालच्या आवाजात सत्य सांगत, रक्त देत, वेदना कमी करण्याचा प्रयत्न करत आणि मुलाला घरी घेऊन जाण्याचा सल्ला देत. वैद्यकाजवळ याहून अधिक देण्यासारखे काहीच नव्हते. कर्करोग हा शब्दच त्या काळी चारचौघांत उच्चारला जात नसे. मग मुलांच्या कर्करोगाची चर्चा कोण करणार? अशा काळात अमेरिकेतील बोस्टन शहरातल्या एका बाल रुग्णालयात, इमारतीच्या तळाशी असलेल्या छोट्याशा प्रयोगशाळेत बसणाऱ्या एका शवविच्छेदन-तज्ज्ञाने हा अलिखित नियम मोडला. त्यांचे नाव डॉ. सिडनी फार्बर. केमोथेरपीच्या इतिहासात त्यांना आधुनिक उपचारपद्धतीच्या जनकांपैकी एक मानले जाते.

चौदा भावंडांचे घर

सिडनी फार्बर यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. आईवडील पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेले. चौदा भावंडांत सिडनी तिसरे. वडील विमा व्यवसायात नोकरी करत. घरची परिस्थिती बेताचीच, पण विद्येचे वेड मोठे. वडील पाठ्यपुस्तके घरी आणून जेवणाच्या मेजावर पसरून ठेवत आणि प्रत्येक मुलाने त्यातले एक निवडून त्यावर सविस्तर वृत्तान्त द्यावा, अशी त्यांची अपेक्षा असे. घरात जर्मन भाषेचाही वावर होता. ही शिस्त वाया गेली नाही. थोरले बंधू मार्विन पुढे तत्त्वज्ञानाचे नामवंत प्राध्यापक झाले आणि सिडनी वैद्यकाकडे वळले.

महाविद्यालयीन शिक्षणाच्या काळात सिडनी व्हायोलिन वाजवून खर्चाला हातभार लावत. १९२३ मध्ये ते बफेलो विद्यापीठातून पदवीधर झाले. परंतु त्या काळी अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर अघोषित मर्यादा असत. जर्मन भाषा अवगत असल्याने फार्बर यांनी जर्मनीची वाट धरली आणि हायडेलबर्ग व फ्रायबुर्ग येथे वैद्यकाचे प्रारंभीचे शिक्षण घेतले. तेथे चमक दाखविल्यानंतर त्यांना बोस्टनच्या हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. १९२७ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढच्याच वर्षी त्यांचा विवाह नॉर्मा होल्झमन यांच्याशी झाला. नॉर्मा फार्बर या पुढे कवयित्री आणि बालसाहित्यिक म्हणून प्रसिद्धीस आल्या.

फार्बर यांनी विकृतिशास्त्र हा विषय निवडला. १९२९ मध्ये बोस्टनच्या बाल रुग्णालयाचे पहिले पूर्णवेळ विकृतिशास्त्रज्ञ म्हणून ते रुजू झाले. विकृतिशास्त्रज्ञाचा रुग्णाशी थेट संबंध येत नाही. त्याच्याकडे येतात त्या ऊतींच्या पट्ट्या, रक्ताचे नमुने आणि शेवटी मृतदेह. फार्बर या कामात निष्णात होते. शवविच्छेदनाच्या तंत्रावर १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक वाखाणले गेले. वागण्यात ते काटेकोर, पोशाखात नेटके आणि बोलण्यात औपचारिक होते. सहकाऱ्यांना ते थोडे दूरस्थ वाटत.

जवळपास दोन दशके हा माणूस सूक्ष्मदर्शकाखाली मुलांचे मृत्यू वाचत राहिला. त्यातले अनेक मृत्यू रक्ताच्या कर्करोगाचे होते. मूल गेल्यावर कारण सांगण्यापेक्षा ते जिवंत असताना काही करता येईल का, या प्रश्नाने त्यांना हळूहळू ग्रासले. चाळिशी ओलांडल्यावर, स्थिरस्थावर झालेली प्रतिष्ठा पणाला लावून त्यांनी दिशा बदलली.

रक्ताचाच कर्करोग का?

फार्बर यांनी संशोधनासाठी रक्ताचा कर्करोग निवडला, त्यामागे साधे शास्त्रीय कारण होते. सीटी स्कॅन, एमआरआय यांसारखी साधने त्या काळी नव्हती. छातीत किंवा पोटात वाढणारी गाठ औषधाने लहान झाली की मोठी, हे शस्त्रक्रियेखेरीज कळणे अवघड होते. रक्ताचे तसे नव्हते. सुईने थेंबभर रक्त काढावे, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजाव्यात आणि औषधाचा गुण येतो आहे की नाही ते काही दिवसांत ताडून पाहावे. ज्या आजाराचे मोजमाप करता येते, त्यावरच औषधाची परीक्षा घेता येते, हे त्यांनी नेमके ओळखले.

आता औषध शोधायचे कोठून? याचे उत्तर ज्या वाटेने आले, ती वाट मुंबईतून जाते. १९२८ च्या सुमारास लूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या होत्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांमध्ये एक जीवघेणा पांडुरोग आढळत होता. परळच्या हाफकिन संस्थेच्या आधाराने विल्स यांनी त्याचा शोध घेतला. यीस्टच्या अर्काने, म्हणजे ब्रिटिशांच्या न्याहारीत असणाऱ्या ‘मार्माइट’ या स्वस्त पदार्थाने, हा पांडुरोग बरा होतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अर्कात असलेला अज्ञात घटक म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. नव्या रक्तपेशी तयार होण्यासाठी शरीराला ते लागतेच.

रक्त वाढविणारे हे जीवनसत्त्व रक्ताच्या कर्करोगातही उपयोगी पडेल, अशा आशेने फार्बर यांनी फॉलिक आम्लाशी संबंधित संयुगे काही आजारी मुलांना देऊन पाहिली. परिणाम उलटा झाला. कर्करोगाच्या पेशी कमी होण्याऐवजी अधिकच वेगाने वाढत असल्याचे त्यांना दिसले. सहकारी संतापले, आणि त्यांचा संताप गैर म्हणता येणार नाही. मात्र फार्बर यांनी या अपयशातूनच पुढचा प्रश्न उचलला. फॉलिक आम्लाने कर्करोगाच्या पेशी फोफावत असतील, तर त्यांचे ते खाद्यच तोडले तर काय होईल? फॉलिक आम्लासारखे दिसणारे, परंतु काम न करणारे एखादे फसवे रसायन पेशीला दिले, तर तिची वाढ खुंटेल काय?

आंध्रचा किमयागार

असे फसवे रसायन तयार करण्याची किमया ज्यांच्या चमूने साधली, त्यांचे नाव डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले सुब्बाराव मद्रासमध्ये वैद्यक शिकून १९२० च्या दशकाच्या आरंभी बोस्टनला आले होते. फॉलिक आम्लाच्या अभावाशी निगडित असलेल्या स्प्रू या आजाराने त्यांच्या भावांचा बळी घेतला होता. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासमवेत त्यांनी रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत विकसित केली. पेशींच्या ऊर्जेचे चलन असलेल्या एटीपीच्या शोधातही त्यांचा वाटा होता. तरीही हार्वर्डने त्यांना कायमची प्राध्यापकी दिली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार झाले आणि त्याच प्रयत्नांत त्याच्याशी साधर्म्य असलेली अनेक प्रतिरोधक संयुगेही हाती आली. फार्बर यांनी ती मागितली आणि सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने ती बोस्टनला पाठविली.

१९४७ च्या उत्तरार्धात फार्बर यांनी दोन वर्षांच्या एका मुलावर यातील पहिले संयुग वापरून पाहिले. फारसा गुण आला नाही. पोराची प्लीहा सुजलेली, हाडांत वेदना, चालणेही थांबलेले. वर्ष संपता संपता दुसरे संयुग हाती आले. त्याचे नाव अमिनोप्टेरिन. डिसेंबरच्या अखेरच्या दिवसांत त्याची इंजेक्शने सुरू झाली. वाढत चाललेल्या पांढऱ्या पेशींची संख्या आधी थबकली, मग उतरू लागली. सूज ओसरली, भूक परतली. काही आठवड्यांत ते मूल पुन्हा चालू लागले. इतक्या पुढच्या अवस्थेला पोहोचलेला कर्करोग औषधाने मागे हटल्याचे दृश्य त्या रुग्णालयाने यापूर्वी पाहिले नव्हते.

तरीही हा विजय तात्पुरता होता. काही महिन्यांनी रोग उलटला आणि त्या मुलाचा १९४८ मध्येच मृत्यू झाला. अन्य मुलांच्या बाबतीतही हेच घडले. ३ जून १९४८ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात १६ मुलांवर केलेल्या उपचारांचा हिशेब होता. त्यांपैकी १० जणांना औषधाचा गुण आला होता. सुधारणा तात्पुरती आहे, असे निबंधाच्या शीर्षकातच नमूद केलेले होते. आपल्या यशाला त्यांनी स्वतःच घातलेली ही मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे.

वैद्यकविश्वाने या निबंधाचे स्वागत अविश्वासाने केले. मरणाच्या दारात असलेल्या मुलांना विषारी औषधे टोचून त्यांचे हाल वाढवू नयेत, त्यांना शांतपणे जाऊ द्यावे, असे मानणारे बालरोगतज्ज्ञ थोडे नव्हते. औषधाने तोंडात व्रण होत, रक्तस्राव होई. मिळणारे आयुष्यही काही महिन्यांचेच. काही महिने वाढवून मिळणे ही आईवडिलांवर दया की क्रूरता, हा प्रश्न तेव्हाही सोपा नव्हता आणि आजही प्रत्येक कर्करोग विभागात तो नव्याने उभा राहतो. फार्बर यांची बाजू अशी, की आजचे काही महिने मिळाल्याखेरीज उद्याची वर्षे मिळणार नाहीत. काळाने त्यांना बरोबर ठरविले. परंतु त्या पहिल्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी मोजलेली किंमत त्यामुळे कमी होत नाही.

सुब्बाराव यांना या प्रवासाचे पुढचे टप्पे पाहता आले नाहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. अमिनोप्टेरिनचे भावंड असलेले मेथोट्रेक्सेट हे औषध त्यांच्याच प्रयोगशाळेची देणगी. आजही ते मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरले जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे.

‘जिमी’ घराघरांत पोहोचला

औषध सापडले तरी संशोधनाला पैसा हवा होता, आणि पैसा येण्यासाठी लोकांना या आजाराची जाणीव व्हायला हवी होती. पोलिओसाठी अमेरिकेत लोकवर्गणीची चळवळ तेव्हा जोरात होती. बालकर्करोगाचे नाव मात्र कोणी काढत नसे. १९४७ मध्ये चित्रपट-नाट्य व्यावसायिकांच्या ‘व्हरायटी क्लब’च्या बोस्टन शाखेच्या मदतीने ‘चिल्ड्रन्स कॅन्सर रिसर्च फाउंडेशन’ची स्थापना झाली. आकड्यांनी लोक हलत नाहीत. त्यांच्यापुढे एखादे मूल उभे करावे लागते, हे या मंडळींनी हेरले.

मेन राज्यातील एका शेतकरी कुटुंबातला १२ वर्षांचा मुलगा आतड्याच्या कर्करोगावरील उपचारांसाठी फार्बर यांच्याकडे दाखल होता. बेसबॉलचे त्याला वेड. २२ मे १९४८ च्या रात्री त्या काळच्या एका अत्यंत लोकप्रिय नभोवाणी कार्यक्रमाचे प्रक्षेपण थेट त्याच्या रुग्णशय्येजवळून झाले. निवेदक राल्फ एडवर्ड्स मुलाशी दुरून बोलत होते. मुलाची खरी ओळख उघड होऊ नये म्हणून त्याला ‘जिमी’ असे नाव देण्यात आले. आवडते खेळाडू कोण, असे विचारले जाई, जिमी एकेक नाव घेई आणि बोस्टन ब्रेव्ह्ज संघाचा तो खेळाडू प्रत्यक्ष खोलीत शिरे. शेवटी सर्वांनी मिळून बेसबॉलचे गाणे म्हटले. मुलगा सूर सोडून, पण जीव तोडून गात होता. सामने पाहण्यासाठी जिमीला दूरचित्रवाणी संच हवा आहे, त्यासाठी आणि संशोधनासाठी २० हजार डॉलर जमले तर बरे, असे आवाहन श्रोत्यांना करण्यात आले.

कार्यक्रम संपतो न संपतो तोच लोक रुग्णालयाच्या दारात पैसे घेऊन उभे राहिले. केवळ जिमी, बोस्टन एवढाच पत्ता लिहिलेली पाकिटे टपालखात्याने बिनचूक पोहोचविली. शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे पाठविले. चित्रपटगृहांत आणि खेळाच्या मैदानांत डबे फिरले. त्या वर्षअखेरीस जमा झालेली रक्कम दोन लाख डॉलरच्या पुढे गेली होती. जिमीला त्याचा दूरचित्रवाणी संच मिळाला. त्याच्या नावाने ‘जिमी फंड’ हा निधी सुरू झाला. १९५३ मध्ये ब्रेव्ह्ज संघ बोस्टन सोडून मिलवॉकीला गेला, तेव्हा शहरातील दुसऱ्या संघाने, रेड सॉक्सने, हे काम आपल्याकडे घेतले. या संघाचा महान फलंदाज टेड विल्यम्स आजारी मुलांच्या भेटीला आवर्जून जात असे.

या कथेचा उत्तरार्ध विलक्षण आहे. जिमी कधीच दगावला असणार, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. तो कर्करोगातून पूर्ण बरा झाला, मेनमधल्या आपल्या गावी परतला आणि मोठेपणी ट्रकचालक झाला. संसार केला, नातवंडे पाहिली. निधीच्या स्थापनेला ५० वर्षे झाली त्या १९९८ साली त्याची खरी ओळख जगापुढे आली. त्याचे नाव आयनार गुस्टाफसन. २००१ मध्ये वयाच्या ६५ व्या वर्षी त्याचे निधन झाले. ज्या आजारात महिने मोजले जात, त्यातून वाचून त्याने अर्ध्या शतकाहून अधिक काळ आयुष्य जगले होते.

उपचार मुलाचे, आधार घराला

१९५२ च्या जानेवारीत जिमी फंडाची स्वतंत्र इमारत उभी राहिली. तळघरातला डॉक्टर आता नव्या वास्तूत आला. तेथील प्रतीक्षागृहात खेळणी होती, भिंतींवर मुलांची लाडकी कार्टूनपात्रे होती. ही केवळ सजावट नव्हती. आठवड्यामागून आठवडे सुया टोचून घेण्यासाठी येणाऱ्या मुलाला तेथे यावेसे वाटले पाहिजे, असा त्यामागचा विचार होता.

फार्बर यांच्या कार्याचा हा भाग औषधांच्या कथेत अनेकदा झाकोळला जातो. मुलाला कर्करोग होतो तेव्हा सारे कुटुंबच आजारी पडते, हे त्यांनी जाणले होते. आई रुग्णालयात अडकते, वडिलांची नोकरी धोक्यात येते, धाकटी भावंडे दुर्लक्षित राहतात आणि साठवलेला पैसा पाहता पाहता संपतो. म्हणून औषधोपचार, परिचर्या, आहार, समुपदेशन आणि समाजसेवकाची मदत हे सारे एकाच छताखाली मिळावे आणि प्रत्येक निर्णय कुटुंबाची स्थिती पाहून घेतला जावा, अशी पद्धत त्यांनी रुजविली. तिला त्यांनी समग्र उपचार असे नाव दिले. ऐपत नाही म्हणून कोणाही मुलाला परत पाठवायचे नाही, हे त्यांच्या चिकित्सालयाचे धोरण होते. आज कोणत्याही चांगल्या बालकर्करोग विभागात डॉक्टरांच्या शेजारी समाजसेवक आणि समुपदेशक दिसतो, त्या प्रथेची मुळे येथे आहेत.

संशोधनही थांबले नव्हते. १९५० च्या दशकाच्या मध्यावर फार्बर यांनी ॲक्टिनोमायसिन-डी हे प्रतिजैविकांच्या कुळातले औषध मुलांच्या मूत्रपिंडातील विल्म्स ट्यूमर या गाठीवर वापरले. फुप्फुसापर्यंत पसरलेला आजारही किरणोपचारांच्या जोडीने या औषधाला दाद देतो, असे दिसून आले. रक्ताच्या कर्करोगातील यश तात्पुरते होते, येथे मात्र काही मुले कायमची बरी होऊ लागली.

राजधानीतील लढा

फार्बर यांच्या आयुष्याचा अखेरचा टप्पा प्रयोगशाळेपेक्षा वॉशिंग्टनमध्ये अधिक गेला. कर्करोग संशोधनासाठी झटणाऱ्या धनाढ्य समाजकार्यकर्त्या मेरी लास्कर आणि फार्बर यांची जोडी जमली. तिच्याकडे संपर्क आणि प्रचाराची हातोटी, त्यांच्याकडे वैद्यकाचा अधिकार. संसदेच्या समित्यांसमोर साक्ष देताना फार्बर यांची शांत, भारदस्त वाणी प्रभावी ठरे. १९५५ मध्ये केमोथेरपीच्या औषधांची देशव्यापी चाचणी घेणारी राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली. १९६६ मध्ये त्यांना प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९७० मध्ये सिनेटने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे ते सहअध्यक्ष होते. या प्रयत्नांची परिणती म्हणजे २३ डिसेंबर १९७१ रोजी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी स्वाक्षरी केलेला राष्ट्रीय कर्करोग कायदा.

या मोहिमेवर टीकाही झाली आणि ती निराधार नव्हती. पेशीचे मूलभूत शास्त्र पुरते कळले नसताना केवळ पैसा ओतून काही वर्षांत कर्करोगावर मात करता येईल, असा आभास निर्माण केला जात आहे, असे अनेक शास्त्रज्ञांना वाटे. तसा झटपट विजय मिळालाही नाही. फार्बर यांचा आशावाद मोठ्यांच्या अनेक कर्करोगांच्या बाबतीत अकाली ठरला. मुलांच्या कर्करोगांच्या बाबतीत मात्र तो खरा ठरला. १९६० च्या दशकात एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत विकसित झाली. मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी तिला मेंदूवरील उपचारांची आणि दीर्घकाळ चालणाऱ्या औषधांची जोड दिली. १९७० च्या सुमारास तीव्र लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोगाची निम्मी मुले बरी होऊ लागली. आज प्रगत देशांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे.

फार्बर यांनी हे सारे यश पाहिले नाही. ३० मार्च १९७३ रोजी बोस्टन येथे आपल्या कार्यालयात काम करत असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ६९ वर्षे होते. पुढच्या वर्षी त्यांच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९८३ पासून ती डेना-फार्बर कर्करोग संस्था या नावाने ओळखली जाते. दिल्लीत जन्मलेले डॉ. सिद्धार्थ मुखर्जी यांनी २०१० मध्ये लिहिलेल्या कर्करोगाच्या गाजलेल्या इतिहासात फार्बर यांना मध्यवर्ती स्थान दिले, तेव्हा भारतीय वाचकांनाही त्यांची नव्याने ओळख झाली.

परळच्या पदपथावर

फार्बर यांनी पाहिलेल्या प्रश्नांपैकी औषधाचा प्रश्न बराचसा सुटला. कुटुंबाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलामुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. औषधे बव्हंशी तीच आहेत. फरक पडतो तो उशिरा होणाऱ्या किंवा न होणाऱ्या निदानामुळे, औषधांच्या तुटवड्यामुळे आणि अर्धवट सोडलेल्या उपचारांमुळे. २०३० पर्यंत जगभरातील किमान ६० टक्के मुले वाचावीत, या उद्दिष्टाने संघटनेने २०१८ मध्ये जागतिक उपक्रम हाती घेतला.

मुंबईकराला या आकड्यांचा अर्थ परळला गेले की कळतो. लेडी मेहेरबाई टाटा यांचा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला. त्या दुःखातून सर दोराबजी टाटा यांच्या मनात आलेल्या संकल्पाचे मूर्त रूप म्हणून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. लूसी विल्स यांना ज्या हाफकिन संस्थेने आधार दिला, ती याच परळमध्ये. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने टाटा रुग्णालयात मुलांच्या रक्तकर्करोगासाठी भारतीय परिस्थितीला झेपेल अशी ‘एमसीपी-८४१’ ही उपचारपद्धती सुरू झाली आणि बऱ्या होणाऱ्या मुलांचे प्रमाण लक्षणीय वाढले.

परंतु हा उपचार दोन-तीन वर्षे चालतो. विदर्भातला शेतमजूर किंवा बिहारमधला कामगार पोराला घेऊन मुंबईत येतो, तेव्हा त्याच्यासमोर पहिला प्रश्न औषधाचा नसतो, राहायचे कोठे हा असतो. केमोथेरपीने मुलाची प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते. त्याला स्वच्छ पाणी आणि ताजे अन्न हवे असते, आणि कुटुंब मात्र पदपथावर पथारी पसरून असते. रोजगार बुडतो, जमीन गहाण पडते, गावी आजीकडे ठेवलेल्या भावंडांची शाळा सुटते. अशा वेळी मूल थोडे सावरले की आईवडील परतीची गाडी पकडतात. उपचार अर्धवट राहतात, रोग उलटतो. औषध असूनही मूल जाते.

हे थांबविण्यासाठी काही हात पुढे आले आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने बाहेरगावच्या असंख्य रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना निवारा दिला आहे. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य राहण्याची सोय, शिक्षण आणि समुपदेशन पुरविते. टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागानेही निधी, निवास आणि पाठपुरावा यांची व्यवस्था उभारून उपचार सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळ खाली आणले. फार्बर यांच्या समग्र उपचारांचीच ही भारतीय रूपे होत.

उरते ती जनजागृती. मुलांचा कर्करोग सहसा आईवडिलांच्या कोणत्याही चुकीने होत नाही, तो संसर्गजन्य नसतो आणि वेळीच उपचार मिळाल्यास बहुतेक प्रकार बरे होऊ शकतात, या तीन गोष्टी प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात. दिवसेंदिवस न उतरणारा ताप, वाढता फिकटपणा, कारणाशिवाय उठणारे काळेनिळे डाग, हाडांतली सततची दुखणी, पोटात किंवा मानेत लागणारी गाठ, डोळ्याच्या बाहुलीत दिसणारी पांढरी चमक, सकाळी डोकेदुखीसह होणाऱ्या उलट्या यांपैकी काही दिसले तर अंगारे-धुपारे किंवा घरगुती इलाजांत दिवस न घालविता बालरोगतज्ज्ञांकडे जायला हवे. ही लक्षणे बहुतेकदा साध्या आजारांचीच निघतात. पण तपासणी लांबवू नये.

बोस्टनच्या लोकांनी १९४८ मध्ये एका मुलाचा आवाज ऐकून खिशात हात घातला आणि त्यातून एक शास्त्र उभे राहिले. त्या शास्त्राची पाळेमुळे परळच्या गिरणकामगार स्त्रियांच्या रक्तात आणि आंध्रच्या एका उपेक्षित संशोधकाच्या परीक्षानळीत होती. हे ऋण आपल्याही दारापर्यंत येते. परळच्या पदपथावर झोपणाऱ्या मुलांना टोपणनावेही मिळालेली नाहीत. त्यांच्या कुटुंबांना छप्पर, दोन वेळचे जेवण आणि उपचार पूर्ण होईपर्यंतचा धीर मिळाला, तर डॉ. फार्बर यांनी तळघरात आरंभिलेले काम येथेही पूर्णत्वास जाईल.